साखळीच्या वाटेने: विल्नियस ते टालिन

२३ ऑगस्ट १९८९ ला संध्याकाळी सात वाजता विल्नियस या लिथुआनियाच्या राजधानीतल्या गेदिमिनास बुरुजापासून टालिन या एस्टोनियाच्या राजधानीतल्या 'उंच हर्मान' बुरुजापर्यंत सुमारे वीस लाख माणसं हातात हात धरून पंधरा मिनिटं उभी राहिली. सहाशे किलोमीटरहून लांब साखळी. लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया हे तिन्ही देश तेव्हा सोव्हिएत अमलाखाली होते आणि ही माणसं स्वातंत्र्य मागत होती. तिन्ही देशांची मिळून लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्या आत, म्हणजे दर चार माणसांतलं एक रस्त्यावर. मी तेव्हा बेळगावात नववीत होते. ही बातमी कानावर आल्याचं काही आठवत नाही. पुढे बाईंच्या खुर्चीत बसून इतिहास शिकवायला लागल्यावर कधीतरी ती साखळी वाचनात आली आणि डोक्यात अडकली.

२०२५ च्या जूनमध्ये ती वाट धरून निघालो. आम्ही म्हणजे मी आणि वन्सं. वन्संचं वय अडुसष्ट, गुडघे वयापेक्षा बरे, आणि परदेशवारी पहिलीच. सामानात भडंग, मेतकूट आणि दोन डबे कुंदा. व्हिसा, तिकिटं यांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की एका शेंगेन व्हिसावर तिन्ही देश होतात आणि तिन्हीकडे युरो चालतो.

दिवस पहिला आणि दुसरा: विल्नियस

उतरलो तेव्हा आपल्या आंबोलीसारखा पाऊस, फक्त हातपाय गारठवणारा. कॅथेड्रलसमोरच्या चौकात एक फरशी आहे, तिच्यावर 'स्तेबुक्लास' अशी अक्षरं आहेत. म्हणजे चमत्कार. साखळीचं इथलं टोक म्हणून ती बसवलेली. तिच्यावर उभं राहून स्वतःभोवती फिरत मनातली इच्छा धरायची, असा रिवाज. वन्सं ओल्या फरशीवर छत्रीसकट तीन वेळा फिरल्या. काय मागितलं ते सांगितलं नाही.

आमची घरमालकीण विद्यापीठात भाषाशास्त्र शिकलेली. आम्ही भारतातल्या म्हटल्यावर तिने चहा टाकायच्या आधी शब्द मोजायला सुरुवात केली. सूनुस म्हणजे मुलगा, उग्निस म्हणजे आग, दूमास म्हणजे धूर, मेदुस म्हणजे मध, दांतिस म्हणजे दात. मग एक म्हण म्हणाली: 'दिएवास दावे दांतिस, दुओस इर दुओनोस.' देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. मी वन्संना अर्थ सांगितला तर त्या लगेच म्हणाल्या, "चोच दिली तो चारा देईल. ह्यांना कुणी सांगितलं आपलं?" कुणी नाही. संस्कृत आणि लिथुआनियन एकाच जुन्या घराण्यातल्या दोन चुलत शाखा, आणि ह्या शाखेने जुनी भांडी फार जपून ठेवली. लिथुआनियन संस्कृतातून निघाली वगैरे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते मात्र खरं नाही, हे मालकिणीनेही बजावलं.

तीन देशांना आपण एका दमात 'बाल्टिक' म्हणतो, पण ते भाऊ नव्हेत, शेजारी आहेत. लिथुआनिया एकेकाळी साम्राज्य होतं. पंधराव्या शतकात त्याची हद्द काळ्या समुद्रापर्यंत भिडली होती. ख्रिस्ती व्हायला ते १३८७ पर्यंत थांबलं, युरोपात सगळ्यांच्या शेवटी. मग पोलंडशी सोयरीक, १५६९ मध्ये एकच राज्य, १७९५ मध्ये त्याची शेवटची फाळणी आणि रशियाचा अंमल. लाटव्हिया आणि एस्टोनिया यांचं नशीब वेगळं. तिथे तेराव्या शतकात जर्मन धर्मयोद्धे आले आणि पुढची सातशे वर्षं राज्य पोपचं, पोलंडचं, स्वीडनचं, झारचं असं कुणाचंही असलं तरी जमीनदार जर्मनच राहिले. एकाकडे राजांच्या कथा, दुसऱ्या दोघांकडे कुळांच्या. लिथुआनिया कॅथलिक, बाकी दोघे बहुतांशी ल्यूथरन.

मला सगळ्यात भिडली ती पुस्तकांची गोष्ट. १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं झारच्या सरकारने लिथुआनियन भाषा लॅटिन लिपीत छापायला बंदी केली. छापायचं तर रशियन लिपीत छापा. लोकांनी ती पुस्तकं घ्यायचंच नाकारलं. सरहद्दीपलीकडे प्रशियात पुस्तकं छापायची आणि रात्री पाठीवर लादून, जंगलातून, शिपायांना चुकवत आणायची. ह्या लोकांना 'क्निग्नेशिस' म्हणतात, पुस्तक वाहणारा. पकडला की सैबेरिया. प्रार्थनेची पुस्तकं, पंचांगं, अंकलिपी असला माल, आणि त्यासाठी ही शिक्षा! त्यांचा सगळ्यात नावाजलेला गडी युर्गिस बेलिनिस. त्याचा वाढदिवस १६ मार्च, तो आता पुस्तकवाहकांचा दिवस आहे.

दुसऱ्या दिवशी केजीबीच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या, जुन्या इमारतीतलं संग्रहालय पाहिलं. बाहेरच्या दगडी भिंतीवर मारल्या गेलेल्यांची नावं आणि सालं कोरलेली. तळघरात कोठड्या. वन्सं दोन कोठड्या बघून वर आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. मी पूर्ण पाहिलं आणि बाहेर आल्यावर मनात एक कुसळ राहिलं. युद्धाआधी ह्या शहराला 'उत्तरेचं जेरुसलेम' म्हणत, इतकं ते ज्यूंचं होतं. १९४१ पासून लिथुआनियातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ज्यूंना मारलं गेलं, नाझींनी, आणि स्थानिक हातांच्या मदतीने. गावाबाहेरच्या पानेरियाय जंगलात हजारोंना गोळ्या घातल्या. त्या गोष्टीला इथे एक लहान खोली. जी वेदना आपली, तिला दालनं मिळतात. मालकिणीला हे बोलून दाखवलं तर ती रागावली नाही. "पानेरियायला जा. लोकल गाडीने दहा मिनिटं," एवढंच म्हणाली. गेलो. पाइनचं जंगल, खड्डे, पक्ष्यांचा आवाज. त्यावर जास्त लिहिता येत नाही.

रात्री 'शाल्टिबार्श्चियाय' खाल्लं. बीट आणि केफिर, म्हणजे आंबट ताकाच्या जातीचं दूध, यांचं गार गुलाबी सार, वर शेपू, बाजूला गरम उकडलेले बटाटे. उकडलेलं अंडं बाजूला काढलं की आपली बीटाची कोशिंबीर पातळ केल्यासारखं लागतं.

शाकाहाऱ्यांसाठी: लिथुआनियात 'बे मेसोस', लाटव्हियात 'बेज गाल्यास', एस्टोनियात 'इल्मा लिहाता' म्हणा. मांसाशिवाय. 'त्सेपेलिनाय' हे बटाट्याचे मोठे गोळे चक्क्यासारख्या सारणाचेही मिळतात, पण वर डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे टाकतात. ते नको हे वेगळं सांगावं लागतं.

दिवस तिसरा: रस्ता

रीगाला, लाटव्हियाच्या राजधानीला, रेल्वेही जाते, पण आम्ही मुद्दाम बस घेतली, कारण बस पानेवेझिस आणि बाउस्का या गावांवरून जाते आणि साखळीही ह्याच बाजूने गेली होती. चार तास सपाट हिरवं रान, बगळ्यासारखे करकोचे आणि त्यांची खांबांवरची घरटी.

पलीकडच्या आसनावर एक इंजिनियर गृहस्थ होते. साखळीच्या दिवशी ते आठ वर्षांचे होते. वडिलांनी गाडी काढली, पण रस्त्यावर इतकी कोंडी की ठरलेल्या जागी पोचताच येईना. मग सगळे जिथल्या तिथे उतरले आणि शेताच्या कडेला हात धरले. सूचना रेडिओवर येत होत्या म्हणून लोकांच्या काखेत ट्रान्झिस्टर. तारीख साधी नव्हती. १९३९ मध्ये त्याच दिवशी सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह आणि नाझी जर्मनीचे परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यांनी सही करून पूर्व युरोप गुपचूप वाटून घेतला होता, त्याला पन्नास वर्षं झाली होती. मॉस्को तोवर म्हणत होतं की असा गुप्त कागदच नाही. साखळीनंतर चार महिन्यांनी, डिसेंबरात, कबूल केलं. "माझा एक हात बाबांच्या हातात होता आणि दुसरा एका अनोळखी आजीच्या," ते म्हणाले. "आजीचा हात खूप घामेजला होता. मला तो सोडवून पुसायचा होता. बाबा म्हणाले, अजिबात सोडायचा नाही."

मग सीमा आली. म्हणजे एक निळी पाटी आली आणि गेली.

दिवस चौथा आणि पाचवा: रीगा

रीगा १२०१ मध्ये बिशप आल्बर्टने वसवलं. जुन्या गावातलं दर देखणं घर जर्मन व्यापाऱ्याचं. लाटव्हियन माणूस तिथे हमाल, नावाडी, मोलकरीण. शेतकरी तर वेठबिगार, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. अशा लोकांचा इतिहास बखरींत नसतो. कुठे असतो ते दौगावा नदीपलीकडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहिलं. काचेच्या डोंगरासारखी ही इमारत २०१४ मध्ये उघडली. त्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, लोकांनी रांग करून जुन्या ग्रंथालयातली पुस्तकं हातोहात पुलावरून इथवर आणली. साखळीची सवय लागली की सुटत नाही.

आत एक लाकडी कपाट आहे. त्र्याहत्तर खण. क्रिश्यानिस बारोन्स या गृहस्थाने मॉस्कोत शिकवणी करता करता, १८८० मध्ये, ते बनवून घेतलं आणि गावोगावहून लोकांनी पाठवलेली गाणी चिठ्ठ्यांवर उतरवून त्यात लावली. ह्या गाण्यांना 'दायना' म्हणतात. त्याने सहा खंडांत छापली ती दोन लाखांहून जास्त. बहुतेक चार ओळींची, बहुतेक बायकांची. त्यात राजे नाहीत, लढाया जवळपास नाहीत. सूर्य आहे (आणि इथे सूर्य बाईमाणूस आहे), आई आहे, अनाथ पोर आहे, सासुरवास आहे, जातं आहे.

जातं आहे हे वाचून मी वन्संना हाक मारली. वन्संची आई पहाटे दळायला बसायची आणि वन्संना सत्तर-ऐंशी ओव्या पाठ आहेत. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, पण त्याचं राष्ट्रीय कपाट काही झालं नाही. वन्सं काचेतून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या आईच्या कुणी लिहून घेतल्या नाहीत, वहिनी."

रीगाचा मध्यवर्ती बाजार पाच अजस्र शेडमध्ये भरतो. जर्मन झेपेलिनच्या, म्हणजे वायूने तरंगणाऱ्या अजस्र फुग्यांच्या, हँगरचं सामान वापरून त्या बांधल्या, १९३० मध्ये उघडल्या. लोणच्याच्या काकड्या विकणारी एक आजी रशियन बोलत होती. लाटव्हियात दर चौथा माणूस वंशाने रशियन आहे, बरेचसे सोव्हिएत काळात कामासाठी आलेले किंवा त्यांची मुलं. शेजारच्या तरुण विक्रेत्याने दुभाष्याचं काम केलं. आजी इथे पन्नास वर्षं आहे. सोव्हिएत विजयाचा भला मोठा स्तंभ ऑगस्ट २०२२ मध्ये पाडला तेव्हा ती रडली. त्या तरुणाच्या पणजीला २५ मार्च १९४९ ला सैबेरियात नेलं होतं. त्या एका झपाट्यात लाटव्हियातून बेचाळीस हजारांवर माणसं उचलली. स्तंभ पडला तेव्हा त्याच्या घरी केक कापला. हे सगळं तो आजीच्या शेजारी उभा राहून सांगत होता आणि मधेच तिची जड बरणीही उचलून देत होता. आजीने आम्हाला दोन काकड्या फुकट दिल्या.

स्वातंत्र्य-स्तंभ १९३५ चा. वर एक स्त्री, हातांत तीन तारे. सोव्हिएत काळात तिच्या पायाशी फूल ठेवणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. १४ जून १९८७ ला काही लोकांनी ठेवलीच, आणि तिथून सगळं सुरू झालं.

दिवस सहावा: त्सेसिस, २३ जूनची रात्र

हा दिवस सांगितल्याशिवाय राहवत नाही. २३ जूनला लाटव्हियात 'लीगो', वर्षातल्या सगळ्यात छोट्या रात्रीचा सण. आख्खं रीगा गावाकडे पळतं. आपल्या गणपतीत मुंबईचा चाकरमानी निघतो तसं. आम्ही रेल्वेने त्सेसिसला गेलो. हेही साखळीच्या वाटेवरचंच गाव. १९१९ च्या जूनमध्ये इथे एस्टोनियन आणि लाटव्हियन सैनिक खांद्याला खांदा लावून जर्मन जमीनदारांच्या फौजेशी लढले आणि जिंकले. एस्टोनियात २३ जून म्हणूनच विजयदिन.

गावाबाहेरच्या ज्या घरी उतरलो त्यांनी आम्हाला पाहुणे नव्हे, भिडू करून टाकलं. दुपारभर रानफुलं आणि गवत वेचून बायकांसाठी मुकुट विणायचे, पुरुषांसाठी ओकच्या पानांचे. घराला बर्चच्या फांद्या, आपल्या तोरणासारख्या. ह्या दिवसाचं खास चीज असतं, पिवळं, शहाजिऱ्यासारखे दाणे घातलेलं. बदल्यात आम्ही कुंदा काढला. घरच्या आजोबांनी चमचा चाटून विचारलं की हा गोड केलेला चीजच आहे का. दूध आटवायला किती तास लागतात ते सांगितल्यावर त्यांनी आदराने दुसरा चमचा घेतला.

सूर्य साडेदहाच्या सुमाराला मावळला आणि पूर्ण अंधार झालाच नाही. होळी पेटवली. ती सूर्य उगवेपर्यंत विझू द्यायची नाही. गाणी सुरू झाली. एकीने दोन ओळी सोडायच्या आणि सगळ्यांनी 'लीगो, लीगो' म्हणून ओढायच्या. वन्संना हे शिकवावं लागलं नाही. तिसऱ्या गाण्याला त्या धृपद धरत होत्या, भजनात बसल्यासारख्या. मग घरच्या बाईने त्यांच्याकडे बोट केलं: आता तुमचं. वन्संनी आधी नाही नाही केलं. मग डोळे मिटले आणि आईची माहेरवाटेची एक ओवी गायली. दोन ओळी झाल्या, त्या थांबल्या, आणि त्या पंधरा-वीस लोकांनी न सांगता 'लीगो' ओढलं.

वन्संनी अकरा ओव्या म्हटल्या. मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं. डासांनी दोघींना फोडून काढलं, तेवढा मलम बरोबर ठेवा.

दिवस सातवा: वाल्का, वाल्गा

टालिनला जाताना आम्हाला सीमेवर गाडी बदलावी लागली. सणाच्या वेळापत्रकाने आम्हाला चकवलं आणि साडेतीन तास मधे मिळाले. त्याबद्दल आभार.

हे एकच गाव आहे. लाटव्हियन बाजूला वाल्का, एस्टोनियन बाजूला वाल्गा. १९२० मध्ये दोन्ही नवे देश त्यावर हक्क सांगू लागले, समेट होईना, तेव्हा ब्रिटिश कर्नल टॅलेंट्सच्या हाती निवाडा गेला. त्याने मधल्या ओढ्याकडेने रेघ मारली. सोव्हिएत काळात रेघ कागदापुरती राहिली. १९९१ मध्ये दोन्ही देश पुन्हा स्वतंत्र झाले आणि तीच रेघ कुंपण, चौकी आणि पारपत्र घेऊन परत आली. समोरच्या गल्लीत जायला वळसा. २१ डिसेंबर २००७ ला शेंगेन लागू झालं आणि चौक्या उठल्या. ओढ्याला एस्टोनियन लोक कोन्नाओया म्हणतात, लाटव्हियन वार्झुपीते. दोन्हींचा अर्थ बेडकांचा ओढा. बेडकांना कुणी विचारलं नसणार.

बेळगावच्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते मी सविस्तर लिहीत नाही. माझ्या मामांचं गाव शिनोळी, महाराष्ट्रातलं. आमच्या घरापासून निघालं की वाटेत पाट्यांची भाषा बदलते. १९५६ पासूनचं भांडण, अजून कोर्टात आहे. मी ओढ्यावरच्या पुलावर उभी राहून एक पाय इकडे, एक तिकडे ठेवला. वन्सं म्हणाल्या, "फोटो नको काढूस, गावात दाखवायची सोय नाही."

दोन्ही देशांत सुट्टी, त्यामुळे दोन देश मिळून एक खानावळ उघडी सापडेना. सीमेवर एक झोपाळा आहे, त्यावर बसून भडंग खाल्लं. जूनच्या २३ आणि २४ ला येणार असाल तर खाणं आधीच घेऊन ठेवा.

दिवस आठवा आणि नववा: टालिन

एस्टोनियात शिरलं की कान बंद होतात. विल्नियसला ओळखीचा शब्द भेटायचा. इथे एकही नाही. ही भाषा फिन्निशची बहीण, आपल्या घराण्यातलीच नव्हे. सोव्हिएत काळात टालिनचे लोक समुद्रापलीकडचा फिन्निश टीव्ही बघत आणि त्यांना तो कळत असे. वीरू हॉटेलच्या तेविसाव्या मजल्यावर, जो लिफ्टमध्ये दाखवतच नव्हते, केजीबी परदेशी पाहुण्यांचं ऐकत बसायची, आणि गावातली पोरं घरबसल्या पश्चिमेच्या जाहिराती ऐकायची.

गाण्याचं मैदान गावाबाहेर, समुद्राकडे तोंड करून. गायकांसाठी १९६० मध्ये बांधलेली शिंपल्यासारखी कमान. पहिला गीतमहोत्सव १८६९ मध्ये तार्तूला झाला, झारच्या राज्यात, आणि १९८८ मध्ये ह्याच मैदानावर लाखोंनी जमून बंदी असलेली गाणी म्हटली. गाण्याची क्रांती हे नाव तिथूनच. पुढच्या आठवड्यात २०२५ चा महोत्सव होता, मंडप उभे राहत होते. आम्ही आठवडाभर लवकर आलो होतो. ही चूक माझी. तुम्ही करू नका. एस्टोनिया आणि लाटव्हियात मोठा महोत्सव साधारण पाच वर्षांनी येतो, तारखा बघून तिकीट काढा.

शेवटच्या संध्याकाळी तूंपेया टेकडीवर उंच हर्मानपाशी गेलो. साखळीचं दुसरं टोक. बुरुजावर निळा-काळा-पांढरा झेंडा. २४ फेब्रुवारी १९८९ ला तो पुन्हा चढला, साखळीच्याही आधी. सात वाजून गेले होते. शाळेच्या पोरांचा एक घोळका आईस्क्रीम खात होता. वन्संनी चप्पल काढून पाय चोळले.

उतरताना बाजारात 'कामा' घेतला. जव, राय, ओट आणि वाटाणा भाजून दळलेलं पीठ. केफिरमध्ये कालवून साखर घालून खातात. वन्संनी चिमूटभर तोंडात टाकली आणि दुकानदाराला मराठीत सांगितलं, "अहो, हे सातूचं पीठ." तीन पाकिटं घेतली. बेळगावात आल्यावर त्यांनी त्यात ताक, मीठ आणि वरून लसूण-हिंगाची फोडणी घातली. दोन पाकिटं संपली आहेत. तिसरं मी लपवून ठेवलंय. त्सेसिसच्या आजोबांना ध्वनिमुद्रण पाठवलं, त्यांनी उत्तरात विचारलंय की कुंदा पोस्टाने येतो का.